सुधारित मोटार इंजिनासाठी क्लच व प्रेशर प्लेटची निवड : सातारा व सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढविल्यानंतर तिच्या क्लच प्लेटची व प्रेशर प्लेटची निवड कोणत्या निकषांवर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. क्लचची टॉर्क पेलण्याची क्षमता आणि उष्णता पेलण्याची क्षमता या दोन वेगवेगळ्या बाबी होत. पहिली इंजिनावरून ठरते; दुसरी गाडीचे वजन, रस्त्याचा चढ आणि चालकाची सवय यांवरून ठरते. प्रत्यक्ष व्यवहारात पहिल्या बाबीचाच विचार होतो व दुसरी दुर्लक्षित राहते. एकाच प्रकारे सुधारलेल्या गाडीला सांगलीच्या सपाट रस्त्यावर जो क्लच पुरतो, तोच साताऱ्याच्या घाटात का पुरत नाही, हे साध्या गणिताच्या आधारे येथे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : क्लच, प्रेशर प्लेट, टॉर्क, घर्षणगुणांक, उष्णता, घाटरस्ता, वाहन फेरबदल.

१. प्रस्तावना

यंत्रनिर्मितीची परंपरा सातारा व सांगली जिल्ह्यांना नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून यंत्रशास्त्राचे शिक्षण देत आहे. या परंपरेच्या जोडीने गावोगावच्या गॅरेजमध्ये मेस्त्री व फिटर यांनी अनुभवातून मिळविलेले कौशल्यही येथे मोठे आहे.

या कौशल्याचा एक आविष्कार म्हणजे इंजिनातील फेरबदल होय. पूर्वी पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसविण्याची पद्धत होती. इंजिनाचे नियंत्रण संगणकीय झाल्यानंतर इंजिनाला हातही न लावता केवळ इंधन व टर्बोच्या दाबाची आज्ञावली बदलून, म्हणजे रिमॅप करून, शक्ती वाढविता येऊ लागली. मात्र इंजिन बदलले तरी त्यामागचा क्लच बहुधा जुनाच राहतो. काही महिन्यांत तो घसरू लागतो आणि मग बाजारात मिळेल तो सर्वांत 'कडक' क्लच बसविला जातो. ही निवड अंदाजाने होते. ती गणिताने होऊ शकते, एवढेच नव्हे तर ते गणित शालेय भौतिकशास्त्राच्या पलीकडचे नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. क्लचची रचना व कार्य

इंजिनाच्या दंडाला जोडलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. फ्लायव्हीलवर बोल्टने बसविलेल्या आवरणात प्रेशर प्लेट असते. या दोहोंच्या मध्ये गिअरबॉक्सच्या दंडावर सरकणारी क्लच प्लेट असते व तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे लायनिंग असते. बशीच्या आकाराची डायफ्रॅम स्प्रिंग प्रेशर प्लेटला सतत फ्लायव्हीलकडे दाबून ठेवते. दोन तळहातांत घट्ट धरलेल्या ताटलीप्रमाणे क्लच प्लेट मध्ये आवळली जाते व इंजिनाबरोबर फिरते. चालकाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या मधल्या जिभा आत ढकलते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. क्लच प्लेट हा केवळ घर्षणाचा भाग आहे. तिला आवळणारे बल प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगमधून येते. म्हणून क्लच घसरू लागल्यावर नुसती क्लच प्लेट बदलणे व जुनी प्रेशर प्लेट तशीच ठेवणे, ही काटकसर पुष्कळदा फसवी ठरते.

३. निवडीचा आधार : अश्वशक्ती की टॉर्क?

इंजिनाची थोरवी सांगताना अश्वशक्तीचा उल्लेख होतो. क्लचच्या दृष्टीने मात्र महत्त्व टॉर्कला, म्हणजे दंडाला पिळणाऱ्या बलाला आहे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. अश्वशक्ती ही टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने कमी टॉर्कचे इंजिनही वेगाने फिरून अधिक अश्वशक्ती देऊ शकते.

मारुती स्विफ्ट या सर्वपरिचित गाडीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०१० मध्ये आलेले तिचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन ८५ अश्वशक्तीचे होते व त्याचा कमाल टॉर्क ११३ न्यूटन-मीटर होता. २००७ मध्ये भारतात आलेले तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन ७५ अश्वशक्तीचेच होते. परंतु त्याचा कमाल टॉर्क १९० न्यूटन-मीटर होता. अश्वशक्ती कमी असूनही डिझेल गाडीच्या क्लचवरील भार दीडपटीहून अधिक होता. शिवाय तो टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांनाच, म्हणजे रोजच्या वापरातील वेगाला मिळत असे. तात्पर्य, 'किती अश्वशक्ती वाढली' हा प्रश्न क्लचसाठी अपुरा आहे. 'कमाल टॉर्क किती झाला' हे विचारले पाहिजे.

४. पहिले गणित : टॉर्क पेलण्याची क्षमता

क्लचची क्षमता पुढील सूत्राने मिळते :

क्षमता = घर्षणपृष्ठांची संख्या × घर्षणगुणांक × दाबबल × सरासरी त्रिज्या

उदाहरणासाठी काही आकडे गृहीत धरू. ते कोणत्याही एका विशिष्ट गाडीचे नाहीत. क्लच प्लेटचा बाह्य व्यास २१५ मिलिमीटर व लायनिंगचा आतील व्यास १४५ मिलिमीटर असेल, तर सरासरी त्रिज्या ९० मिलिमीटर येते. घर्षणपृष्ठे दोन, सेंद्रिय लायनिंगचा घर्षणगुणांक ०.३० आणि स्प्रिंगचे दाबबल ४७५० न्यूटन, म्हणजे सुमारे ४८५ किलोग्रॅम वजनाइतके आहे. क्षमता सुमारे २५६ न्यूटन-मीटर येते. इंजिनाचा टॉर्क १९० असल्यास क्लचची क्षमता त्याच्या १.३५ पट आहे. या जादा क्षमतेला राखीव क्षमता म्हणता येईल. लायनिंगची झीज, तेलाचा अंश आणि उष्णतेने घटणारे घर्षण यांसाठी ती ठेवलेली असते.

आता रिमॅपनंतर इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर झाला असे समजू. क्लच थंड असताना २५६ ही क्षमता कशीबशी पुरते आणि म्हणून मालकाला 'गाडी उत्तम चालते' असेच वाटते. परंतु क्लच तापून घर्षणगुणांक ०.२५ वर आला की क्षमता सुमारे २१४ पर्यंत उतरते. मूळ १९० च्या इंजिनाला ती अजूनही पुरली असती; २५० च्या इंजिनाला पुरत नाही. क्लच घसरतो, घसरल्याने अधिक तापतो आणि तापल्याने अधिक घसरतो. दुष्टचक्र सुरू होते, व ते नेमके पूर्ण भाराने चढ चढताना सुरू होते.

५. क्षमता वाढविण्याचे चार मार्ग व त्यांची किंमत

सूत्रात चार घटक आहेत. म्हणून क्षमता वाढविण्याचे मार्गही चारच आहेत.

(अ) दाबबल वाढविणे : ३० टक्के अधिक दाबबलाची प्रेशर प्लेट घेतल्यास ते ६१७५ न्यूटन होते. थंड स्थितीत क्षमता सुमारे ३३३ व तापलेल्या स्थितीत सुमारे २७८ न्यूटन-मीटर मिळते. २५० च्या टॉर्कसाठी हे प्रमाण अनुक्रमे १.३३ व १.११ पट आहे. मूळ गाडीत ते १.३५ व १.१२ पट होते. थोडक्यात, निर्मात्याने ठेवलेली राखीव क्षमता जवळजवळ परत मिळते. किंमत अशी की पेडल त्याच प्रमाणात जड होते; रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकशाफ्टला आडवी सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर भार वाढतो.

(आ) घर्षणगुणांक वाढविणे : सिरॅमिक बटणांच्या प्लेटचा घर्षणगुणांक सुमारे ०.४० धरल्यास मूळ दाबबलातही क्षमता ३४२ पर्यंत जाते व ती उष्णताही चांगली सोसते. परंतु ही प्लेट हळूहळू पकडत नाही, एकदम पकडते. गाडी झटक्याने सुटते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर झिजतो. अॅरामिड तंतूंचे लायनिंग तुलनेने मऊ पकडते व दीर्घकाळ टिकते. मात्र ते बसण्यास वेळ घेते आणि सुरुवातीलाच फार तापले तर त्यावर चकाकी येते व पकड जाते.

(इ) त्रिज्या वाढविणे : २४० मिलिमीटर बाह्य व १६० मिलिमीटर आतील व्यासाची प्लेट घेतल्यास सरासरी त्रिज्या १०० मिलिमीटर होते व क्षमता २८५ येते. पेडल जड होत नाही आणि लोखंडाचे वस्तुमान वाढल्याने उष्णताही अधिक सामावते. अडचण जागेची आहे. फ्लायव्हील व क्लचचे घर यांत ती प्लेट मावली पाहिजे. फ्लायव्हील बदलावे लागल्यास खर्च वाढतो.

(ई) पृष्ठांची संख्या वाढविणे : दोन प्लेटांच्या क्लचमध्ये चार पृष्ठे होतात व क्षमता दुप्पट, म्हणजे सुमारे ५१३ न्यूटन-मीटर होते. कागदावर हा मार्ग सर्वांत आकर्षक दिसतो. २५० च्या इंजिनासाठी तो धोक्याचाही आहे. विजेच्या जोडणीतील फ्यूजप्रमाणे क्लच हा गिअरबॉक्सचा रक्षक आहे. चालकाने पेडल अचानक सोडले तर फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा इंजिनाच्या टॉर्कहून मोठा धक्का देते. तो धक्का क्लचच्या क्षमतेपर्यंतच पुढे जातो, त्यापलीकडे क्लच घसरून तो जिरवितो. फ्यूजऐवजी जाड तार बसविल्यावर जे घडते, तेच येथे घडते : फ्यूज वाचतो व यंत्र जळते. क्लच न घसरता गिअरचे दात किंवा ॲक्सल तुटतो. घाटात असे घडल्यास गाडी मागे येऊ लागते आणि उतारावर इंजिनाने मिळणारा अवरोधही नाहीसा होतो.

६. दुसरे गणित : उष्णता

येथवरचे विवेचन कोणत्याही गावाला लागू आहे. सातारा व सांगली यांतील फरक पुढील गणितात दिसतो.

गाडी थांबलेल्या स्थितीतून निघते तेव्हा इंजिन फिरत असते व चाके स्थिर असतात. दोहोंचा वेग जुळेपर्यंत क्लच घसरतो आणि तेवढी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. प्रवाशांसह १५०० किलोग्रॅम वजन, ०.२९ मीटर त्रिज्येची चाके, पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर १४ व इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्या असे गृहीत धरू. वेग जुळतो तेव्हा गाडी सेकंदाला सुमारे ३.२५ मीटर वेगाने चाललेली असते. सपाट रस्त्यावर क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता तेवढ्या वेगाच्या गतिज ऊर्जेइतकी, म्हणजे सुमारे ८ किलोज्यूल असते. सांगली-मिरज मार्गावर सिग्नलला थांबून निघणाऱ्या गाडीला प्रत्येक वेळी एवढेच सोसावे लागते, आणि पुढे चालताना क्लचला थंड होण्यास वेळ मिळतो.

हीच गाडी दहास एक अशा चढावर उभी आहे असे समजू. तिला केवळ जागेवर धरून ठेवण्यासाठी क्लचमधून सुमारे ३० न्यूटन-मीटर टॉर्क जावा लागतो. चालकाने ९० न्यूटन-मीटर इतका क्लच पकडू दिला तर निघताना सुमारे १२ किलोज्यूल उष्णता होते. भीत भीत ६० न्यूटन-मीटरच पकडू दिला तर १६ किलोज्यूल होते. म्हणजे चढावर क्लच फार हळू सोडल्याने तो वाचत नाही, उलट अधिक तापतो.

सर्वांत हानिकारक सवय वेगळीच आहे. वाई-पाचगणी मार्गावरील पसरणी घाटात सुट्ट्यांच्या दिवसांत वाहनांच्या रांगा लागतात. कास पठाराच्या फुलांच्या हंगामात साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढणाऱ्या गाड्यांची स्थिती तशीच असते. अशा रांगेत अनेक चालक हँडब्रेक न ओढता 'हाफ क्लच'वर गाडी धरून ठेवतात. वरील आकड्यांनुसार तेव्हा क्लचमध्ये दर सेकंदाला सुमारे ४.८ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. दहा सेकंदांत ती ४८ किलोज्यूल, म्हणजे सपाट रस्त्यावर सहा वेळा निघण्याइतकी होते, आणि गाडी एक इंचही पुढे सरकलेली नसते.

या उष्णतेचा निम्मा भाग प्रेशर प्लेटकडे जातो असे मानल्यास ४ किलोग्रॅमच्या ओतीव लोखंडी प्लेटचे तापमान अशा प्रत्येक दहा सेकंदांत सुमारे १२ अंशांनी वाढते. मध्ये थंड होण्यास वाव न मिळता दहा वेळा असे घडले तर वाढ १२० अंशांची होते. लायनिंगला टेकलेला पृष्ठभाग तर याहून कितीतरी अधिक तापतो. प्लेट ५ किलोग्रॅमची असती तर तीच वाढ ९६ अंशांवर राहिली असती. म्हणून प्रेशर प्लेट निवडताना स्प्रिंगच्या कडकपणाइतकेच तिच्या लोखंडाच्या जाडीकडे पाहिले पाहिजे.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. उष्णतेच्या सूत्रात इंजिनाच्या कमाल टॉर्कला कोठेही स्थान नाही. वजन, चढ, गिअरचे गुणोत्तर, चाकाची त्रिज्या व इंजिनाच्या फेऱ्या यांवरूनच ती ठरते. कडक स्प्रिंग तापलेल्या क्लचला घसरू देत नाही हे खरे. पण 'हाफ क्लच'ची उष्णता ती तसूभरही कमी करत नाही. याउलट इंजिनाला हात न लावता केवळ १० टक्के मोठी चाके बसविली, तरी निघतानाची उष्णता सपाट रस्त्यावरसुद्धा सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. जीपसारख्या गाड्यांना मोठे टायर बसविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

७. दोन गाड्या, दोन निवडी

१९० वरून २५० न्यूटन-मीटरवर नेलेल्या दोन समान गाड्या घेऊ. सांगली, मिरज, तासगाव अशा मुख्यतः सपाट भागात फिरणाऱ्या गाडीस सेंद्रिय लायनिंगची प्लेट व ३० टक्के अधिक दाबबलाची प्रेशर प्लेट पुरेशी आहे. पसरणी, यवतेश्वर किंवा कोयनानगरकडून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट यांतून प्रवाशांसह नित्य ये-जा करणाऱ्या गाडीस दाबबल तेवढेच पुरते. मात्र प्रेशर प्लेट जाड लोखंडाची हवी आणि जागा असल्यास प्लेटचा व्यास वाढविणे अधिक श्रेयस्कर. उष्णता सोसते म्हणून सिरॅमिक बटणांची प्लेट घाटासाठी सुचविली जाते. परंतु रांगेत पुढच्या गाडीपासून दोन हातांवर सरकताना झटक्याने सुटणारा क्लच उपयोगाचा नाही. ती प्लेट स्पर्धेच्या गाडीसाठी योग्य होय.

सांगलीच्या बाबतीत एक वेगळी दक्षता सांगावी लागते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णेच्या महापुराचे पाणी शहरात शिरले. पाण्यात राहिलेल्या गाडीची क्लच प्लेट गंजामुळे फ्लायव्हीलला चिकटू शकते. अशी गाडी विकत घेऊन तिचे इंजिन सुधारण्यापूर्वी गिअरबॉक्स उतरवून क्लच पाहणे इष्ट आहे.

८. जोडणीतील दक्षता

योग्य निवडही सदोष जोडणीने वाया जाते. नवीन प्लेट बसविताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लेथवर समतल करून घ्यावा. त्यावर निळसर डाग किंवा बारीक तडे असल्यास ते अतितापाचे लक्षण समजावे. खोल तडे असलेले फ्लायव्हील वा प्रेशर प्लेट पुन्हा वापरू नये, कारण अधिक फेऱ्यांना ती फुटण्याचा धोका असतो. रिलीज बेअरिंग सोबतच बदलावे आणि क्रँकशाफ्टच्या मागील ऑइल सीलमधून गळती नाही याची खात्री करावी. सुरुवातीचे सुमारे ५०० किलोमीटर पूर्ण शक्तीचा वापर टाळावा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून क्लचच्या घरातील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजमध्ये हे काम बहुधा शिकाऊ मुलांकडे असते. त्यांच्या फुप्फुसांचा प्रश्न प्लेटच्या आयुष्याहून मोठा आहे.

९. कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील, असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच आशयाचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. इंजिन बदलण्यासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. सुधारित गाडीचा अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यावरही वाद उद्भवू शकतो. क्लचची योग्य निवड ही तांत्रिक सुरक्षितता देते; ती मूळ फेरबदलास कायदेशीर ठरवीत नाही, हे स्पष्ट असावे.

१०. निष्कर्ष

१. क्लचची निवड अश्वशक्तीवरून न करता कमाल टॉर्कवरून करावी.

२. तापलेल्या स्थितीतही क्षमता इंजिनाच्या टॉर्कहून अधिक राहील एवढी राखीव क्षमता असावी. तिचा अतिरेक गिअरबॉक्सवर उलटतो.

३. उष्णतेचा हिशेब स्वतंत्रपणे करावा. तो इंजिनाच्या शक्तीवर अवलंबून नसून वजन, चढ, चाके व चालकाच्या सवयी यांवर अवलंबून असतो.

४. घाटातील गाडीसाठी प्रेशर प्लेटचे वस्तुमान व व्यास यांना प्राधान्य द्यावे. हँडब्रेकचा वापर हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

या सर्व हिशेबातील एक आकडा गॅरेजमध्ये सहसा उपलब्ध नसतो, तो म्हणजे प्रेशर प्लेटचे प्रत्यक्ष दाबबल. नवीन प्लेटच्या खोक्यावर तो क्वचितच छापलेला असतो. दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या प्लेटचा तर ठाऊक असण्याचे कारणच नाही. परंतु ५ ते ६ हजार न्यूटनचे बल मोजणे ही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनला सहज शक्य असलेली गोष्ट आहे. डायफ्रॅम स्प्रिंग किती दाबली असता किती बल देते, याचा आलेख काढणे हे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एका दिवसाचे प्रात्यक्षिक होऊ शकते. वर्गात सूत्र शिकविले जाते आणि काही अंतरावरच्या गॅरेजमध्ये तीच प्लेट अंदाजाने बसविली जाते. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी ही मोजणी मेस्त्रींसाठी खुली केली, तर विद्यार्थ्याला खराखुरा नमुना मिळेल, मेस्त्रीला आकडा मिळेल आणि घाटात कुटुंबासह चढणाऱ्या गाडीला भरवशाचा क्लच मिळेल.